केमोनंतर येणारं म्हातारपण: पेशी, त्यांचे निरोप आणि आपले प्रश्न

माझी ताई बडोद्यात दांडिया बाजारात राहते. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले, त्यानंतर आम्ही दोघी सकाळी कमाटीबागेत फिरायला जायला लागलो. मी नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात घालवली, हे बागेतल्या बायकांना कळलं आणि बाकावर टेकलं की प्रश्न सुरू व्हायचे. काही मराठीत, काही गुजरातीत, बरेचसे दोन्ही मिसळलेल्या आपल्या बडोदेकरी बोलीत. बहुतेक प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतः उपचार घेतले होते किंवा त्यांच्या घरात कुणीतरी घेत होतं. तेच प्रश्न इथे लिहून काढले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचाच.

रिपोर्ट स्वच्छ आला, मग अंगात ताकद का नाही?

हा पहिला प्रश्न, आणि तो नेहमी हळू आवाजात येतो, जणू काही चूकच केली आहे. घरचे म्हणतात, "आता बरी झालीस ना, मग उठ की." ताईला जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं. वय ५२, आणि ती म्हणायची, "मला सत्तरीची झाल्यासारखं वाटतंय."

ते मनाचे खेळ नव्हते. आळस तर नव्हताच. उपचारांनी कॅन्सरच्या पेशी मारल्या, पण काही चांगल्या पेशींना असा धक्का दिला की त्या मेल्याही नाहीत आणि पूर्वीसारख्या राहिल्याही नाहीत. त्या वेळेआधी म्हाताऱ्या झाल्या. आणि म्हातारी पेशी गप्प बसत नाही. ती आजूबाजूला सतत निरोप पाठवत राहते. थकव्याचं हे एकच कारण नाही (बाकीची पुढे येतील), पण ज्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं ते हेच.

पेशी म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं?

ती विभागणं कायमचं थांबवते. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी तबकडीत वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. मरत नाहीत. अन्न घेतात, जगतात, फक्त पुढे वाढत नाहीत. शास्त्रात ह्याला सेनेसन्स म्हणतात.

मी अशा पेशी हजारदा पाहिल्या असतील. तरुण पेशी सडपातळ असतात, एका दिशेनं ओळीत लागलेल्या, नदीच्या पाण्यातल्या माशांसारख्या. थांबलेली पेशी मोठी आणि चपटी होते, तव्यावर ओतलेल्या धिरड्यासारखी कडेनं पसरते. तिला ओळखायला एक रंग वापरतात. १९९५ पासून ही पद्धत चालत आली आहे. थोडं आंबट द्रावण, त्यात एक रसायन, रात्रभर ठेवायचं. सकाळी तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसतात आणि तरुण पेशी पारदर्शक. डॉक्सोरुबिसिन ह्या केमोच्या लाल औषधाचा अगदी थोडा डोस दिलेल्या तबकडीत काही दिवसांनी निळंच निळं झालेलं मी पाहिलं आहे. तेव्हा ते माझ्यासाठी फक्त कामाचं निरीक्षण होतं. पुढे तेच लाल औषध ताईच्या नळीतून उतरताना पाहिलं आणि मला ती निळी तबकडी आठवली.

केमोमुळे हे कसं होतं?

केमोची बरीच औषधं आणि शेक (रेडिएशन) हे पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. कॅन्सरची पेशी भराभर विभागत असते, म्हणून घाव तिला जास्त लागतो. पण घाव तिच्या एकटीलाच लागत नाही. रक्तवाहिनीचं अस्तर, त्वचा, हृदयाचा स्नायू, अस्थिमज्जा, सगळीकडे थोडा थोडा लागतो.

डीएनए तुटला की पेशीच्या आत पहिला निरोप निघतो. एटीएम नावाचं प्रथिन तुटलेली जागा हेरतं आणि पी-५३ ह्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं. पी-५३ पुढे पी-२१ ला कामाला लावतं, आणि पी-२१ विभागणीचं चाक अडवून धरतं. घाव छोटा असेल तर दुरुस्ती होते आणि चाक परत फिरतं. मोठा असेल तर पेशी स्वतःहून मरते. ह्या दोन्हींच्या मधे राहिली, दुरुस्ती जमली नाही आणि मरणही आलं नाही, तर काही दिवसांत पी-१६ नावाचं दुसरं कुलूप लागतं. हे कुलूप सहसा उघडत नाही.

म्हणजे निर्णय पेशीच्या आतल्या निरोप्यांच्या हातात असतो. औषध एकच असतं, डोसही एकच, तरी शेजारशेजारच्या दोन पेशींत एक सावरते आणि एक थांबते.

थांबली तर थांबली, त्यात त्रास कसला?

सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थांबलेली पेशी बाहेर रेणूंचा सडा घालते. २००८ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ कॅम्पिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या स्रावाची नीट नोंद केली. त्यात इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ सारखे दाहाचे रेणू असतात, रोगप्रतिकारक पेशींना बोलावणारे रेणू असतात, पेशींमधली जाळी कुरतडणारी विकरं असतात आणि वाढ घडवणारे काही घटकही असतात. थोडक्यात, "इथे इजा झाली आहे, या" असा निरोप. जखम ताजी असताना तो योग्यच असतो. अडचण अशी की पेशी महिनोन्‌महिने तोच निरोप धाडत राहते.

आमच्या जुन्या वाड्यात एका खोलीत स्टोव्ह भडकला की धूर सगळ्या बिऱ्हाडांत जायचा. स्टोव्ह एकाचा, खोकला सगळ्यांना. पेशींचं तसंच होतं. टीजीएफ-बीटासारखे रेणू शेजारच्या धडधाकट पेशीपर्यंत पोचतात आणि तिलाही थांबायला लावतात. तिच्या डीएनएला औषधाचा घाव लागलेलाही नसतो.

हा धूर चालू का राहतो? पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. तुटलेल्या डीएनएचे तुकडे केंद्रकातून बाहेर पेशीरसात सांडले की सीगॅस-स्टिंग नावाची पहाऱ्याची यंत्रणा त्यांना विषाणू समजते आणि गजर करते. एमटॉर आणि पी-३८ हे दोन मार्ग त्यात भर घालतात. शिवाय इंटरल्यूकिन-६ बाहेर पडून त्याच पेशीला परत चिकटतं आणि थांबलेपण आणखी पक्कं करतं. स्वतःचाच निरोप स्वतःला.

रक्तातून हा दाह लांबवर पोचतो. तो तापासारखा दिसत नाही, सूज येत नाही, पण स्नायू, झोप, भूक आणि मेंदू ह्यांना तो जाणवतो.

म्हणजे हे रेणू वाईटच?

नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. थांबणं हा मुळात शरीराचा बचाव आहे. बिघडलेला डीएनए घेऊन पेशी वाढत राहिली असती तर तीच पुढे कॅन्सर झाली असती. २०१३ मध्ये असं दिसलं की गर्भाची घडण होतानाही अशा पेशी ठरावीक जागी तयार होतात आणि काम संपलं की साफ केल्या जातात. २०१४ मध्ये उंदरांत दिसलं की जखमेच्या जागी काही काळ आलेल्या म्हाताऱ्या पेशी पीडीजीएफ-एए नावाचा रेणू सोडतात आणि त्यामुळे जखम लवकर भरते. तिथून त्या पेशी काढून टाकल्या तर जखम भरायला उशीर होतो.

इंटरल्यूकिन-६ चंच पाहा. म्हाताऱ्या पेशीतून सतत झिरपलं तर ते दाह वाढवतं. पण आपण चालतो, जिना चढतो, तेव्हा कामाला लागलेला स्नायूही तेच इंटरल्यूकिन-६ सोडतो, थोड्या वेळापुरतं, आणि त्यानंतर शरीरात दाह शमवणारे रेणू वाढतात. रेणू तोच. कुणी पाठवला, किती वेळ, कुणाच्या हाती पडला, त्यावर अर्थ बदलतो. म्हणून "शरीरातला अमुक रेणू वाईट, तो काढून टाका" असं कुणी सांगितलं तर सावध व्हा.

हे माणसांत दिसलं आहे की फक्त उंदरांत?

दोन्हीकडे, पण दोन्हींचं वजन सारखं नाही.

उंदरांतला पुरावा नेमका आहे. २०१७ मध्ये मार्को डेमारिया, कॅम्पिसी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना डॉक्सोरुबिसिन दिलं. उंदीर सुस्तावले, चाकावर पळेनासे झाले. मग जनुकीय युक्तीनं त्यांच्या शरीरातल्या फक्त म्हाताऱ्या पेशी काढल्या. उंदीर पुन्हा पळायला लागले, हृदयाचं काम सुधारलं, कॅन्सर परतण्याचं प्रमाणही घटलं.

माणसांत पेशी अशा काढून बघता येत नाहीत, म्हणून खुणा मोजाव्या लागतात. २०१४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशींत (ह्या रोगप्रतिकारक पेशी) पी-१६ मोजलं गेलं. केमोनंतर ते जितकं वाढलं, तितकं एरवी वाढायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात. ताईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी उगाच नव्हते म्हणत." आणि तिच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. डेमारियांच्या अभ्यासातही असं आढळलं होतं की केमोच्या आधीच ज्यांच्या टी-पेशींत पी-१६ जास्त होतं, त्यांना नंतर थकवा जास्त आला.

मुलांचं चित्र जास्त चटका लावणारं आहे. लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या आणि आता तिशीच्या आसपास असलेल्या लोकांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०१३ मध्ये आला. म्हातारपणात दिसतो तसा अशक्तपणा, म्हणजे हळू चाल, कमकुवत पकड, घटलेला स्नायू, ह्या लोकांपैकी बायकांत १३.१ टक्के आणि पुरुषांत २.७ टक्के जणांना होता. हे प्रमाण एरवी पासष्टीच्या पुढे दिसतं. बालकॅन्सरमधून बरं झालेलं मूल तुमच्या घरात असेल तर "आता विसरून जा" म्हणू नका. त्याची तपासणी मोठेपणीही चालू ठेवा.

मग केमो घ्यायलाच नको होती का?

घ्यायला हवी होती. कॅन्सर थांबत नाही, म्हाताऱ्या पेशी निदान थांबलेल्या तरी असतात. हे सगळं वाचून कुणी उपचार अर्धवट सोडला तर माझं लिहिणं वाया गेलं.

उपचारानंतरचा सगळाच त्रास ह्यामुळे होतो का?

मुळीच नाही, आणि तसं धरून चाललं तर बरे होणारे आजार निसटतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर थकवा येतो. मानेला शेक दिला असेल तर थायरॉइड मंदावतो. झोप, नैराश्य, वेदना, ह्या सगळ्यांवर उपाय आहेत. आधी ते तपासून घ्या.

पॅक्लिटॅक्सेल ह्या केमोच्या औषधानंतर हातापायांना मुंग्या येतात, ती मुख्यतः मज्जातंतूंना थेट झालेली इजा असते. ताईला ब्लाउजचे हूक लागत नव्हते. बोटांना हूक कळायचाच नाही, आरशात बघून लावायची. सिस्प्लाटिन ह्या दुसऱ्या केमोच्या औषधानंतर कानात आवाज येणं किंवा ऐकू कमी येणं ही कानातल्या नाजूक पेशींची हानी असते. संप्रेरक कमी करणाऱ्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, त्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी असते.

म्हाताऱ्या पेशी मारणारी गोळी मिळते म्हणे?

बागेत सगळ्यांत जास्त उत्साहानं विचारला गेलेला प्रश्न हाच.

अशा औषधांना सेनोलिटिक म्हणतात. पाठची कल्पना अशी: म्हातारी पेशी मरणाच्या दारात असते, पण मरण टाळणारे काही आतले निरोप तिला धरून ठेवतात. ते निरोप तोडले की ती मरते आणि तरुण पेशीला फारसं काही होत नाही. २०११ मध्ये जनुकीय बदल केलेल्या उंदरांत अशा पेशी काढून दाखवल्या गेल्या. २०१५ मध्ये दासाटिनिब आणि क्वेर्सेटिन ह्या जोडीनं औषधाच्या वाटेनं तेच करून दाखवलं. दासाटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध आहे. क्वेर्सेटिन कांद्यात असतं.

हे कळल्यावर एक काकू म्हणाल्या, "मग मी सेव-उसळीवर दुप्पट कांदा घालते." घाला, चवीसाठी घाला. अभ्यासात वापरलेली मात्रा कांद्यातून मिळत नाही, आणि ती एकटी नव्हती, दासाटिनिबबरोबर होती. नॅव्हिटोक्लॅक्स नावाचं आणखी एक औषध म्हाताऱ्या पेशी चांगल्या मारतं, पण प्लेटलेट्सही घटवतं. केमोनं आधीच प्लेटलेट्स खाली आलेल्या माणसाला ते कसं द्यायचं?

केमोनंतरच्या थकव्यासाठी कमाटीबागेतल्या कुणाला डॉक्टरांनी सेनोलिटिक लिहून द्यावं, अशी वेळ अजून आलेली नाही. औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तरी बाटल्या विकल्या जातात. ताईच्या हातात एका दुकानदारानं "पेशी तरुण करणाऱ्या" कॅप्सूल ठेवल्या, चांगले पैसे घेतले, आणि कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारलंसुद्धा नाही. अशा कॅप्सूल चालू औषधांच्या रक्तातल्या पातळीत ढवळाढवळ करू शकतात. मी त्या परत करायला गेले तेव्हा माझा आवाज चढला होता. अजून आठवलं की चढतो.

मेटफॉर्मिननं फायदा होतो का?

मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रॅपामायसिन यांसारखी औषधं पेशी मारत नाहीत, त्यांचे निरोप मंद करतात. प्रयोगशाळेत हे दिसतं. पण मधुमेह नसताना स्वतःच्या मनानं शेजारच्यांच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. हे खरंच घडतं, म्हणून लिहिते आहे.

कॅन्सर परत येण्याशी ह्याचा संबंध आहे का?

आहे, आणि तो दुहेरी आहे. उपचारानं कॅन्सरच्याही काही पेशी मरण्याऐवजी थांबतात. काही औषधं, जसं पॅल्बोसिक्लिब, विभागणीचं चाक अडवूनच काम करतात. थांबली म्हणजे गाठ वाढत नाही, हे चांगलं. शिवाय तिच्या निरोपांवर रोगप्रतिकारक पेशी येतात आणि तिला उचलतात. पण तेच निरोप फार काळ चालले तर जवळ उरलेल्या कॅन्सरच्या पेशीला खतपाणी मिळू शकतं, आणि क्वचित थांबलेली कॅन्सरची पेशी कुलूप तोडून पुन्हा चालू लागते. बरं वाटत असतानाही ठरल्या तारखेला दाखवायला जायचं ते ह्याच कारणानं.

मग आपण करायचं काय?

चालायचं. मला माहीत आहे, हे उत्तर ऐकून निराशा होते. पण उपचारानंतरच्या थकव्यावर ज्याचा उपयोग पुन्हा पुन्हा दिसला आहे, असा हा उपाय आहे, आणि स्नायूच्या इंटरल्यूकिन-६ चं वर लिहिलं ते इथे कामी येतं. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोचायचं असतं, पहिल्याच दिवशी नव्हे.

ताई पहिल्या दिवशी फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत गेली आणि बसली. आठवडाभर तेवढंच. मग फुलांच्या घड्याळापर्यंत. पावसाळा संपता संपता ती बँडस्टँडला वळसा घालून यायला लागली, आणि त्या दिवशी तिला घाम आला होता, धाप नव्हती. दोन दिवसांआड घरी खुर्चीतून उठ-बस दहा वेळा, कारण नुसत्या चालण्यानं स्नायू भरत नाही. हाडांत कॅन्सर गेला असेल, हृदय कमजोर असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर आधी डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू आणि मिस्री बंद. डाळ, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, कारण स्नायू हवेतून बनत नाही.

माझ्या पेशी किती म्हाताऱ्या झाल्या, हे मोजून मिळेल का?

दवाखान्यात रोजच्या वापरात अशी तपासणी नाही. टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, मोजून "खरं वय" सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. टेलोमिअरच्या संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं आहे, विषय खराच मोठा आहे. पण वर सांगितलेल्या २०१४ च्या अभ्यासात केमोनंतर पी-१६ वाढलं तरी टेलोमिअरच्या लांबीत फरक पडला नव्हता. म्हणून त्या तपासणीवर पैसे घालू नका. पकड किती घट्ट आहे, खुर्चीतून किती वेळात उठता, ह्यावरून जास्त कळतं.

नवीन डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

उपचारांचा हिशेब. कोणतं औषध, किती वेळा, एकूण किती, शेक कोणत्या बाजूला. डॉक्सोरुबिसिनचा हिशेब आयुष्यभराचा असतो. शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत, कारण हृदय. डाव्या बाजूचा शेकही हृदयाजवळून जातो. पंधरा वर्षांनी धाप लागली तर त्या वेळच्या डॉक्टरांना हे कुठून कळणार? इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) जुने रिपोर्टही जपून ठेवा.

ताईच्या फाइलीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतः लिहिलं आहे: डॉक्सोरुबिसिन चार वेळा, एकूण २४०. पॅक्लिटॅक्सेल चार वेळा. शेक डावीकडे, १५ दिवस. अक्षर जरा वेडंवाकडं आहे. तेव्हा तिच्या बोटांत पेन नीट कळत नव्हतं.